वाऱ्यातला ओळंबा

पहाटे साडेपाचला आम्ही चौकात असतो,
हार्डवेअरच्या दुकानासमोर.
शटर अजून झोपलेलं.
कुणाच्या मांडीवर थापी, कुणाच्या खांद्याला रोलर,
आणि प्रत्येकाच्या पायाशी पुठ्ठ्याची पाटी,
पाटीवर वीट.
गेबेर्हाचं नाव पाहुण्यांना नीट उच्चारता येत नाही,
वारा मात्र सगळ्यांना कळतो.
पाटी नेतो, टोपी नेतो,
बोलत असलात तर अर्धं वाक्यसुद्धा.

माझी पाटी : गिलावा. टाइल्स. फरशी. लुंगिसा.
खाली फोन नंबर.
लुंगिसा म्हणजे आमच्या भाषेत 'दुरुस्त कर'.
आईनं नाव ठेवलं की काम सांगितलं, देव जाणे.

एखादी गाडी हळू होते
आणि अकरा माणसं एका खिडकीत मावायला धावतात.
मालक बोटं दाखवतो. दोन.
ज्यांचे गुडघे शाबूत, ते दोन.
मी पूर्वी धावायचो. आता चालत जातो.
पोचेपर्यंत काच वर गेलेली,
काचेत माझाच चेहरा,
दाढी केलेला.

हो, दाढी रोज करतो.
थापीही रोज पुसतो, पात्यावरून तेलाचं बोट फिरवतो.
चिकोंडी, मलावीचा टाइलवाला, हसतो :
नवरी नटवतोयस का रे?
गंज सुट्टी घेत नाही, मी म्हणतो.

ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हातारा वुयिसिले
फार बोलायचा नाही.
पहिल्याच आठवड्यात मी ओळंबा सोडला
आणि तो वाऱ्यात नाचत राहिला.
धरला तर खोटं बोलायचा, सोडला तर नाचायचा.
म्हाताऱ्यानं पाण्याची बादली आणली,
लोखंडी वजन आत बुडवलं.
वारा होताच. दोरी थरथरलीच.
पण वजन हळूहळू आपल्या जागी आलं.
पंचवीस वर्षं माझ्या भिंती त्या बादलीतून उभ्या राहिल्या.
सध्या ती कुठे ठेवलीय
तेच आठवत नाही.

सत्तेचाळीसाव्या दिवशी घरी सांगितलं,
उद्या जाणार नाही.
बुलेल्वानं घेवडा-मक्याचं ताट पुढे सरकवलं.
"नको जाऊस," एवढंच म्हणाली.
मला वाटलं होतं, भांडेल.

आमची सिनाझो, नऊ वर्षांची,
पाटी आडवी करून तिच्यावर गृहपाठ करत होती.
मध्येच कंटाळून
आईच्या मोबाइलवरून पाटीवरचा नंबर लावला.
माझ्या खिशात काही वाजलं नाही.
पलीकडे एक बाई कडाडली :
"पुन्हा गिलावा? मी नाही हो गिलावा करत!
या महिन्यातला हा चौथा फोन!"

पोरीनं नंबरावर बोट ठेवलं.
सातच्या डोक्यावरची आडवी रेघ
पावसानं धुऊन नेलेली.
उरला होता एक.

चौथा. म्हणजे आधी तीन.
तीन घरं, तीन पोपडे धरलेल्या भिंती,
तीन माणसांनी गाडी थांबवून
माझं नाव वाचलं होतं.
चिडायला हवं होतं. चिडलोही.
ती कामं एव्हाना दुसऱ्याच कुणी उरकली असतील,
आणि बहुतेक वाकडी.
पण रात्री मी अंधारात हसत पडलो होतो,
बुलेल्वा विचारत होती, काय झालं,
आणि मला सांगता येत नव्हतं.

पहाटे नवा पुठ्ठा, जाड मार्कर.
सात असा काढला की
डोक्यावर छप्पर, कमरेला पट्टा.
वरून प्लास्टिक ताणून बसवलं.
चिकोंडीनं लांबूनच वाचून दाखवला.

आज साठावा दिवस.
मधल्या काळात अडीच दिवसांचं एक काम,
बाकी वारा.
आणि काल संध्याकाळी बुलेल्वाचा फोन वाजला.
तीच बाई.
मागच्या अंगणातली भिंत कलतेय असं वाटतं, म्हणाली,
कदाचित कलत नसेलही,
काम आहेच असं नाही,
नुसतं बघायचे किती घेता?

बघायचे काही नाही, म्हटलं.
मग जरा थांबून विचारलं,
तुमच्याकडे बादली आहे का?